सुगीची रास शाळेच्या अंगणात

माघ संपत आला की मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ज्वारीची काढणी जोर धरते. बायामाणसं पात धरून ताटं उपटतात, पेंढ्या बांधतात, कणसं खुडून मळणी यंत्राजवळ ढीग लावतात. पूर्वी खळ्यावर रास पडली की पहिलं सूप देवाचं, मग बलुतेदारांचं, मग दारात आलेल्याचं. ते झाल्याशिवाय धान्य घरात जात नसे. आता यंत्रातून ज्वारी थेट पोत्यात आणि पोतं थेट टेम्पोत जातं. शेतकऱ्याच्या पोरालासुद्धा रास बघायला मिळत नाही.

ही रास शाळेच्या अंगणात घालायची, असं माझ्या कामातल्या एका गावाने ठरवलं. साल होतं २०२३, म्हणजे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. ज्वारी-बाजरीचे कार्यक्रम घ्या, असं आम्हा कृषी विभागाच्या लोकांना सांगितलेलंच होतं. मुख्याध्यापक गुरुजी म्हणाले, "साहेब, भाषण नको. सुगीचा दिवस करू. गावाने धान्य द्यावं, त्याची भाकरी पोरांनी खावी." मलाही पटलं.

पहिल्या वर्षी धान्य भरपूर आलं. कुणी पायली दिली, कुणी मण, एका बागायतदाराने तर अख्खं पोतं उतरवलं. देणाऱ्यांना हुरूप यावा म्हणून नावं आणि मापं माईकवरून वाचून दाखवावीत, ही कल्पना माझी. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. जेवणाच्या पंगतीत मात्र चौथीच्या बाईंनी मुलं मोजली, तर आठ-नऊ कमी. सगळी ऊसतोडीला गेलेल्या घरांतली. आई-बाप टोळीबरोबर कारखान्याला आणि पोरं आजीपाशी गावात.

संध्याकाळी गुरुजी आणि मी त्यातल्या एका घरी गेलो. आजी चुलीपुढं होती. नात खांबाआड उभी. आजी म्हणाली, "सायेब, पोरगी सकाळी आंगुळ करून तयार हुती. मग म्हणली, समद्यांची पायली-पायली वाचणार, आपलं काय वाचणार? म्हून गेली न्हाई."

मला उत्तर सुचलं नाही. ज्या पोरांना त्या भाकरीची सगळ्यात जास्त गरज, तीच पंगतीबाहेर राहिली होती, आणि त्यांना बाहेर ठेवलं होतं माझ्या माईकने.

पुढच्या वर्षीच्या बैठकीला शाळा व्यवस्थापन समितीने गावातल्या एका निवृत्त शिक्षकांना बोलावलं. त्यांनी मुष्टिफंडाची आठवण काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. त्यांना जेवू घालायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. आणि खेड्यापाड्यांतल्या घरांनी काय दिलं? मूठमूठ धान्य. घरच्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. गुरुजी म्हणाले, "पोत्याला मोठेपणा येतो, मुठीला येत नाही. मूठ सगळ्यांची सारखीच."

तेव्हापासून गावाचा नियम ठरला. सुगीच्या दिवसाआधी आठवडाभर प्रत्येक घराने रोज एक मूठ बाजूला काढायची. त्या दिवशी पोरांनी ते धान्य फडक्यात बांधून आणायचं आणि अंगणातल्या ताडपत्रीवर एकाच राशीत ओतायचं. वही नाही, माईक नाही. कुणाला जास्त द्यायचं असेल तर त्याने आदल्या दिवशी गुपचूप शाळेच्या कोठीत नेऊन ठेवावं.

एका मुठीने काय होतं, असं कुणी विचारेल. हिशेब करून पाहा. मूठ ५० ग्रॅमची धरली, तर शंभर घरांतून सात दिवसांत ३५ किलो ज्वारी होते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरतात. म्हणजे ७० मुलांच्या शाळेला ही ज्वारी पाच वेळच्या जेवणाला पुरते. रोजचा आहार शासनाकडून येतोच. तिथीभोजनाच्या रूपाने गावाने त्यात भर घालायलाही मुभा आहे.

आता थोडं आमच्या खात्याचं सांगतो, कारण दान म्हणून काहीही चालत नाही.

एक, ज्वारी चांगली वाळलेली हवी. दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे. ओलं धान्य राशीत पडलं तर बाकीच्यालाही बुरशी धरते.

दोन, काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी शाळेला अजिबात देऊ नये.

तीन, पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं कितीही धुतलं तरी खाण्याचं होत नाही. लाल-गुलाबी रंगाचा एक दाणा दिसला तरी ते फडकं बाजूला काढा. कीड मारायच्या गोळ्या ठेवलेल्या पोत्यातलंही नको.

चार, घरून शिजवून आणलेलं अन्न घेऊ नका. शाळेच्याच स्वयंपाकघरात करा आणि वाढण्याआधी शिक्षकांनी व एखाद्या पालकाने चव घेऊन बघा.

यंदाच्या राशीला मी हजर होतो. मालदांडीचा मोत्यासारखा टपोरा दाणा, मधेच कुणाच्या हायब्रीडचा, कुणाचा बारीक. पोरांनी राशीला हळदकुंकू वाहिलं. दळण आदल्या दिवशीच्या धान्यातून करून ठेवलं होतं. बायकांनी भाकरी थापल्या. सोबत पिठलं, शेंगाची चटणी, गुळाचा खडा.

त्या आजी नातीचा हात धरून आल्या होत्या. फडक्यात ज्वारी होती. त्यांना ना शेत, ना वाटा. मी म्हटलं, "आजी, विकत कशाला आणली?" आजी हसल्या. "इकत कशाची? सरवा हाय सायेब. काढणी झालेल्या रानात आम्ही दोघींनी कणसं येचली, काठीनं बडिवली, पाखडली." नातीने फडकं सोडलं आणि राशीत ओतलं. एवढ्यात मागची पोरं आली आणि कुठली ज्वारी कुणाची, ते कुणालाच सांगता येईना. मग आजी पदर खोचून भाकरी थापायला बसल्या.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या सुगीला आपल्या गावच्या शाळेत असा एक दिवस जरूर करा. देणाऱ्यांच्या नावांचा फलक मात्र करू नका. पंगत बसली की पोरं मोजा. सगळी आली असतील, तर रास भरली म्हणायची.