मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी जेवताना

झेरमाटला मोटारीने जाता येत नाही. पाच किलोमीटर अलीकडे, टॅश या गावी, गाडी ठेवायची आणि बारा मिनिटांची शटल रेल्वे पकडायची. स्टेशनाबाहेर आलं की पायी चालणारी माणसं दिसतात, विजेवरच्या छोट्या गाड्या दिसतात आणि आभाळ मोकळं असेल तर ४,४७८ मीटर उंचीचा मॅटरहॉर्न. स्वित्झर्लंडच्या वालिस कँटनमधलं, सुमारे १,६०० मीटर उंचीवरचं हे गाव स्कीइंगसाठी जगभर नावाजलेलं आहे. पण संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्या, जड बूट उतरले, की सगळं गाव जेवणाच्या टेबलांकडे वळतं. तिथे मेणबत्तीच्या उजेडात पुढ्यात येणारे पदार्थ महागडे असतात, पण त्यांचा जन्म चैनीतून झालेला नाही. सहा महिने बर्फाखाली काढायचे, तर काय साठवायचं आणि काय पुरवून खायचं, या काळजीतून ते आले आहेत.

कोठारातून ताटात

ही काळजी डोळ्यांनी पाहायची असेल तर जेवणाआधी हिंटरडॉर्फमध्ये, म्हणजे गावाच्या जुन्या भागात, चक्कर मारावी. लार्चच्या लाकडाची, उन्हाने काळवंडलेली कोठारं तिथे अजून उभी आहेत. प्रत्येक कोठार आखूड खांबांवर उचललेलं आणि खांब व कोठार यांच्यामध्ये एकेक मोठी, गोल, चपटी दगडी चकती बसवलेली. उंदीर खांबावर चढला तरी या चकतीच्या बाहेर आलेल्या कडेखालून त्याला वर जाता येत नाही. एवढा बंदोबस्त ज्यासाठी, ते धान्य म्हणजे मुख्यतः राय. झेरमाटच्या वर फिंडेल्न ही वस्ती आहे. तिथली रायची शेतं युरोपातल्या सर्वांत उंचावरच्या शेतांपैकी होती.

रायचा पाव गावाच्या सामायिक भट्टीत वर्षातून दोन-तीनदाच भाजला जाई आणि महिनोन्‌महिने पुरे. गोमांसाला मीठ आणि मसाल्याच्या वनस्पती चोळून ते डोंगरी वाऱ्यावर काही आठवडे वाळवत. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर जात आणि तिथल्या दुधाचं चीज होई. आज हॉटेलात ‘वालिसर टेलर’ मागवली, की लाकडी पाटावर हेच सारं येतं: कागदासारखं पातळ कापलेलं वाळवलेलं मांस, डुकराचं मांस, चीज, लोणच्यातली काकडी आणि राय पाव. या पावाला २००४ पासून कायद्याने संरक्षित नाव मिळालं आहे. तो सावकाश चावून खावा. त्याची आंबूस चव तिसऱ्या-चौथ्या घासाला कळायला लागते.

बाहेरच्या माणसाला जेवू घालण्याचा व्यवसाय इथे आला तो गिर्यारोहकांमुळे. अलेक्झांडर झाइलर यांनी १८५० च्या दशकात इथली एक छोटी खाणावळ हाती घेतली. तीच पुढे ‘हॉटेल मॉन्टे रोझा’ म्हणून प्रसिद्ध झाली. १४ जुलै १८६५ रोजी इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्परच्या सात जणांच्या तुकडीने मॅटरहॉर्न प्रथमच सर केला. उतरताना चौघांचा मृत्यू झाला आणि गावाचं नाव जगभर पोहोचलं. १८९१ मध्ये खालच्या खोऱ्यातून रेल्वे आली, १८९८ मध्ये ३,०८९ मीटरवरच्या गॉर्नरग्राटपर्यंत दातेरी रुळांची रेल्वे गेली. इंग्रज पाहुण्यांसाठी हॉटेलांनी बड्या शहरांतल्या धर्तीवर अनेक पदार्थांचं साग्रसंगीत जेवण सुरू केलं. गावाचं स्वतःचं अन्न टेबलावर सन्मानाने यायला मात्र बराच काळ जावा लागला.

रॅक्लेट आणि फॉन्ड्यू

वालिसचा मानाचा पदार्थ रॅक्लेट. चीजच्या गोल चाकाचा अर्धा भाग कापलेल्या बाजूने विस्तवासमोर धरतात. वरचा थर फुगतो, चकाकतो, त्याला बुडबुडे येतात. वाढणारा सुरीच्या पाठीने तेवढाच थर एका हाताच्या ओढीत ताटलीवर उतरवतो. सोबत सालासकट उकडलेले बटाटे, छोट्या काकड्या आणि कांद्याचं व्हिनेगरमधलं लोणचं. कडेचा खरपूस पापुद्रा मिळाला तर तो आधी खावा. ताटली रिकामी झाली की पुढचा थर येतो. थंड चीज घट्ट होतं, म्हणून सगळ्यांची पानं एकदम वाढत नाहीत. ज्याचं पान आलं त्याने इतरांसाठी न थांबता खायला लागावं, हीच इथली रीत आहे.

फॉन्ड्यूची, म्हणजे वाइनमध्ये वितळवलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायच्या पदार्थाची, गोष्ट वेगळी. झुरिकमधल्या १६९९ सालच्या पाककृतींत वाइनमध्ये चीज शिजवण्याची कृती आढळते. पण साऱ्या देशाचा पदार्थ म्हणून फॉन्ड्यूला उभं केलं ते स्विस चीज युनियनने. १९१४ ते १९९९ या काळात चीजच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या या संस्थेने खप वाढवण्यासाठी १९३० च्या दशकात फॉन्ड्यूचा जोरदार प्रचार केला.

ग्रुयेर आणि व्हाशरँ फ्रिबुर्जवा ही दोन चीजं निम्मी-निम्मी घेतली की झाला ‘मुआतिए-मुआतिए’. माणशी दोनशे ग्रॅम चीज धरतात. लसूण चोळलेल्या जाड बुडाच्या भांड्यात पांढरी वाइन तापवून त्यात किसलेलं चीज थोडं थोडं घालतात. वाइनमधल्या आम्लामुळे चीजमधली प्रथिनं गोळा न होता एकजीव राहतात आणि थोडं कॉर्नफ्लोअर त्याला मदत करतं. तरीही पावाचा तुकडा बुडवताना काटा अगदी तळापर्यंत फिरवायचा असतो. सगळ्यांनी ढवळत राहिलं तरच रस्सा फुटत नाही. शेवटी तळाला जी खमंग खरवड उरते, ती सुरीने सोडवून टेबलावरचे सगळे वाटून घेतात. आपल्याकडे दुधाच्या पातेल्याची खरवड जशी पोरांत वाटली जाते, तोच जिव्हाळा त्यात असतो.

फॉन्ड्यूबरोबर वाइन किंवा गरम चहाच प्यावा, असं स्विस लोक सांगतात. झुरिकच्या संशोधकांनी वीस निरोगी माणसांवर याची चाचणी घेतली आणि २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. चहाच्या तुलनेत वाइनने जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागला, मात्र त्यामुळे पोटाचा त्रास वाढल्याचं आढळलं नाही. रात्री लवकर झोपायचं असेल तर चहा बरा.

शाकाहाऱ्यांनी काय पाहावं

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. चीज आहे म्हणजे शाकाहारी आहे, असं समजू नये. ग्रुयेरसारख्या पारंपरिक स्विस चीजसाठी दूध विरजायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. जैन किंवा कडक शाकाहारी मंडळींनी हे आधीच जाणून निर्णय घ्यावा. फॉन्ड्यूमध्ये वाइन असते आणि बहुधा किर्श ही चेरीची दारूही. बिनदारूचा करून मिळेल का, ते टेबल राखतानाच विचारावं. किसलेल्या बटाट्याची खरपूस रोश्ती सर्वत्र मिळते, पण तीत डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा चरबी नाही ना, हे विचारून घ्यावं. वालिसचा टोमॅटो फॉन्ड्यू आपल्या जिभेला लवकर रुचतो. तो पावाऐवजी उकडलेल्या बटाट्यांवर ओतून खातात. लीक, बटाटा, सफरचंद आणि चीज भरलेला ‘कोलेरा’ नावाचा पायही मागून पाहावा. साथीच्या दिवसांत घराबाहेर पडता येईना, तेव्हा घरात होतं त्यातून तो बनला, असं सांगतात.

वेळ, पैसा आणि रीत

दुपारचं जेवण उतारावरच घ्यावं. फिंडेल्नच्या जुन्या लाकडी घरांतल्या उपाहारगृहांत लोक स्की करत पोहोचतात आणि मॅटरहॉर्नसमोर उन्हात बसून जेवतात. स्की न येणाऱ्यांना सुन्नेग्गापर्यंत भुयारी रेल्वेने जाऊन पुढे चालत जाता येतं. ३,८८३ मीटरवरच्या क्लाइन मॅटरहॉर्नवरून स्की करणारे पलीकडे इटलीतल्या चेर्विनियात पोलेंटा किंवा पास्ता खाऊन परततात. २०२३ च्या उन्हाळ्यापासून केबल कारनेही सीमा ओलांडता येते. शेन्गेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, फक्त पासपोर्ट जवळ हवा आणि परतीच्या शेवटच्या लिफ्टची वेळ चुकवून चालत नाही.

हंगामात रात्रीचं टेबल आधी राखल्याशिवाय मिळणं कठीण. फॉन्ड्यूला माणशी साधारण २५ ते ३५ फ्रँक पडतात आणि बहुतेक ठिकाणी तो किमान दोघांसाठीच देतात. नळाच्या पाण्याचेही पैसे लागू शकतात. सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं. वाढणाऱ्याचं काम आवडलं तर रक्कम वरच्या पूर्णांकात करून द्यायची पद्धत आहे.

स्वित्झर्लंडच्या आपल्या बहुतेक सहलींत रोज रात्री भारतीय जेवणाची सोय असते. वयस्कर माणसांना आणि मुलांना तिचा मोठा आधार असतो, ती असावीच. पण डोंगर बघायला एवढा खर्च करून जायचं आणि त्या डोंगराने माणसांना काय खायला शिकवलं हे न चाखता परतायचं, यात सहलीचा अर्धा भाग हातचा जातो. सहल ठरवतानाच आयोजकाला एक संध्याकाळ मोकळी ठेवायला सांगा. चौघांनी मिळून एक फॉन्ड्यू, एक रोश्ती आणि राय पाव मागवा. चीज कुठल्या कुरणावरचं, हे वाढणाऱ्याला जरूर विचारा. असा प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्याशी डोंगरातली माणसं मनापासून बोलतात, आणि जेवण खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतं.