व्हिटबी : समुद्रकांठचें एक इंग्रजी गांव

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायर परगण्यांत, व्हिटबी नांवाचें एक लहानसें बंदर आहे. एस्क नदी तेथें समुद्रास मिळते व जातां जातां गांवाचे दोन भाग करते. १९०८ सालीं बांधलेला पूल हे भाग जोडतो. जहाज आलें म्हणजे तो मधोमध दुभंगून बाजूस वळतो व वाट मोकळी करून देतो. या गांवीं जाणाऱ्या प्रवाशानें काय पाहावें, कोठें खावें व कशापासून जपावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम पूर्वेकडील टेकडी चढावी. तिला १९९ पायऱ्या आहेत. माथ्यावर सेंट मेरीचें जुनें ख्रिस्तमंदिर असून त्यापलीकडे एका मठाचे भग्नावशेष दिसतात. हा मठ मूळ ६५७ सालीं स्थापन झाला. हिल्डा नांवाची थोर स्त्री त्याची मुख्य होती. ईस्टरचा सण कोणत्या दिवशीं पाळावा, या वादाचा निकाल ६६४ सालीं येथेंच लागला. आज दिसणाऱ्या कमानी मात्र पुष्कळ नंतरच्या होत. आठव्या हेन्रीच्या अमदानींत, १५३९ सालीं, मठ बंद पडला. आणि १६ डिसेंबर १९१४ रोजीं जर्मन युद्धनौकांच्या तोफगोळ्यांनीं त्याच्या पडक्या भिंतींसहि इजा केली.

टेकडी उतरून ग्रेप लेन या गल्लींत यावें. जेम्स कुक हा एका शेतमजुराचा मुलगा १७४६ सालीं जॉन वॉकर या जहाजमालकाकडे उमेदवारीस राहिला. वॉकरच्या त्या घरांत आतां कुकचें संग्रहालय आहे. पुढें कुकनें ज्यांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तें 'एंडेव्हर' जहाज याच गांवीं १७६४ सालीं बांधलेलें होतें. तें मूळचें कोळसा वाहणारें, दिसण्यांत ओबडधोबड. परंतु तळ सपाट असल्यामुळें तें उथळ पाण्यांत शिरे व वाळूवर ओढून दुरुस्त करतां येई. मोठ्या कार्यास डौलापेक्षां सोयीचें साधन अधिक उपयोगी पडतें, तें असें.

आतां खाण्याविषयीं. आपल्या कोंकणांत बोंबील उन्हांत वाळवितात. तिकडे उन्हाचा भरंवसा नाहीं. म्हणून हेरिंग मासा चिरून, मिठवून, लांकडाच्या मंद धुरावर टांगतात. त्यास 'किपर' म्हणतात. हेन्रिएटा स्ट्रीटवर फॉर्च्यून घराण्यानें हा धंदा १८७२ सालीं सुरू केला. बंदरासमोरचें 'मॅगपाय कॅफे' हें उपाहारगृह पिठांत बुडवून तळलेल्या मासळीसाठीं व बटाट्याच्या कापांसाठीं प्रसिद्ध असून त्याच्या दाराशीं पुष्कळदां रांग लागलेली असते. मासे न खाणाऱ्यानें चहाबरोबर 'स्कोन' नांवाची जाड, गोल रोटी मुरंबा व दाट साय लावून खावी. भाजलेल्या पदार्थांसाठीं एलिझाबेथ बोथम या बाईंनीं १८६५ सालीं स्थापन केलेल्या दुकानाचें नांव अजून चालत आलें आहे. खाणें उघड्यावर घेऊन बसूं मात्र नये. तेथील समुद्रपक्षी हातांतला घास बेधडक पळवितात!

शेवटीं धक्क्याकडे जातांना लाइफबोटींचें संग्रहालय पाहिल्यावांचून परतूं नये. ९ फेब्रुवारी १८६१ रोजीं या किनाऱ्यावर भयंकर वादळ झालें. बुडत्या जहाजांवरील लोकांस वांचविण्यासाठीं येथील लाइफबोट पांच वेळां गेली व पांचहि वेळां परत आली. थकलेले खलाशी सहाव्यांदा निघाले, तेव्हां लाटेनें होडी उलथली. तेरा जणांपैकीं बारा जण गांवकऱ्यांच्या डोळ्यांदेखत बुडाले. वांचला तो एकटा हेन्री फ्रीमन. नव्या पद्धतीचें बुचाचें जाकीट त्या दिवशीं त्यानेंच तेवढें घातलें होतें. इतकें सोसूनहि त्यानें हें काम सोडलें नाहीं. पुढें कित्येक वर्षें तो त्याच किनाऱ्यावरील लाइफबोटींवर राबला.

धैर्य तेराहि जणांपाशीं सारखेंच होतें. भेद होता तो एका साध्या जाकिटाचा. म्हणून सँड्सेंडच्या बाजूनें वाळूवर फिरावयास जाणाऱ्यानें अगोदर भरतीची वेळ विचारून घ्यावी व ठिसूळ कड्यांच्या पायथ्याशीं थांबूं नये. भरतीचें पाणी चढलें म्हणजे कड्याखालीं परतीची वाट उरत नाहीं. आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्या बालवाचकांसहि ही सूचना लागू आहे. समुद्र पाहण्याचा आनंद अवश्य घ्यावा. परंतु भरती केव्हां येते, हें जाणून घेतल्यावांचून पाण्याकडे जाऊं नये.