बाणाखालचा त्रिकोण

पावसाळा सरून वारणा-मोरणेच्या काठचा ऊस तोडीस आला, की शिराळा तालुक्यातील रस्त्यांवरून चिखलीच्या विश्वासराव नाईक सहकारी साखर कारखान्याकडे भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. आणि ज्या दांडीच्या आधाराने ट्रॅक्टर हा सारा भार ओढतो, ती दांडी सांगाड्याला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे बहुधा काही मिलिमीटरांचा, छेद घेतल्यास त्रिकोणी दिसणारा, वितळून थिजलेल्या पोलादाचा एक पट्टा असतो. त्यालाच फिलेट वेल्ड म्हणतात. एक प्लेट दुसरीवर काटकोनात उभी केली, अथवा एकीवर दुसरी अंशतः चढविली, म्हणजे जो कोपरा उरतो तो भरून काढणारा हा सांधा होय. प्लेटच्या कडा तासण्याचा खटाटोप त्यास सहसा लागत नाही, म्हणून बांधकामात त्याचा प्रचारही फार मोठा.

हा सांधा कोठे, किती व कसा घालावा, याचा हुकूम ड्रॉइंगवर शब्दांनी न देता चिन्हाने दिलेला असतो. एक आडवी रेघ, तिच्या टोकापासून सांध्याकडे जाणारा बाण, आणि रेघेला चिकटलेला एक लहानसा काटकोन त्रिकोण, एवढाच तो इमला. त्रिकोणाची उभी भुजा नेहमी डावीकडे काढतात, मग प्रत्यक्ष प्लेट कोणत्याही बाजूस उभी असो. त्रिकोणाच्या डावीकडील आकडा सांध्याचे माप सांगतो, उजवीकडील आकडे लांबी सांगतात. बाण व रेघ जेथे मिळतात तेथे वर्तुळ असल्यास सांधा सभोवार फिरवावयाचा. निशाण असल्यास तो शॉपमध्ये न घालता जागेवर उभारणीच्या वेळी घालावयाचा.

इथवर सारे सरळ आहे. खरा पेच बाजूचा आहे. अमेरिकन पद्धतीत त्रिकोण रेघेच्या खाली असला तर वेल्ड बाण टेकला आहे त्या बाजूस, वर असला तर पलीकडच्या बाजूस, आणि दोहोंकडे असला तर दोन्ही बाजूंस. युरोपात रूढ असलेल्या पद्धतीत मात्र अखंड रेघेच्या जोडीला एक तुटक रेघ असते, आणि तुटक रेघेवर बसलेला त्रिकोण पलीकडची बाजू दाखवितो. आयएसओ 2553 या आंतरराष्ट्रीय मानकाने 2013 साली या दोन्ही रीतींना अनुक्रमे ‘बी’ व ‘ए’ अशी नावे देऊन एकाच दस्तऐवजात स्थान दिले, पण त्या एक केल्या नाहीत. म्हणून कोणत्या मानकाचा अंमल आहे याचा तपशील ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील चौकटीत प्रथम पाहणे प्राप्त होते.

समजा, डावीकडे 6 आणि उजवीकडे 50-150 असे लिहिले आहे. अमेरिकन रीतीने याचा अर्थ असा, की त्रिकोणाची लेग, म्हणजे प्लेटवर टेकणारी भुजा, 6 मिलिमीटर ठेवावी आणि 50 मिलिमीटरचे तुकडे असे घालावेत, की एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 150 भरावेत. मध्ये मोकळी जागा उरली 100. आयएसओच्या ‘ए’ रीतीत कंसातला आकडा या मोकळ्या जागेचाच असतो, म्हणून तेथे 50 नंतर कंसात 100 येतील. अमेरिकन ड्रॉइंगवरील 150 ला मोकळी जागा समजून जो काम करील, त्याच्या हातून लांब जोडावर एक चतुर्थांश वेल्ड कमी पडेल. मापाचेही तसेच. आकड्याआधी ‘झेड’ असेल तर ती लेग. ‘ए’ असेल तर ते थ्रोट, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठापर्यंतचे सर्वांत कमी अंतर. काटकोनी व समद्विभुज वेल्डमध्ये थ्रोट लेगच्या सुमारे 0.7 पट असते; ‘ए 6’ ला लेग मानल्यास हाती 4.2 चेच थ्रोट येते, आणि सांध्याची ताकद तर थ्रोटवरच मोजली जाते.

उलट, संशय आला की थोडे जास्तच भरावे, ही समजूतही टाकली पाहिजे. 6 ऐवजी 8 ची लेग घातल्यास छेदाचे क्षेत्रफळ 18 चौरस मिलिमीटरांवरून 32 वर जाते. रॉड, वेळ व वीज पाऊणपटीहून अधिक वाढतात, आणि अतिरिक्त उष्णतेने प्लेट वाकते ती वेगळीच.

सात-बाराच्या उताऱ्यातील एकेक रकाना आपला शेतकरी ज्या दक्षतेने तपासतो, त्याच दक्षतेने हे चिन्ह प्रत्येक वेल्डरने स्वतः वाचावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. ज्याचा हात उत्तम चालतो अशा कारागिराने मुकादमाच्या तोंडी हुकमावर विसंबून राहावे, हा त्याच्या कौशल्यावर अन्याय आहे. रॉड चालविण्याच्या तालमीइतकाच मान ड्रॉइंग वाचण्याच्या तालमीस मिळावयास हवा.

काम झाल्यावर चिन्हातील माप गेजने पडताळतात. तेथे पृष्ठाचा आकार पाहावा लागतो, कारण खोलगट वेल्डची लेग पुरी भरूनही थ्रोट अपुरे राहू शकते. यास्तव फुगीर वेल्डला लेगचे गेज आणि खोलगट वेल्डला थ्रोटचे गेज लावण्याची रीत आहे.