आधी कालचा हिशेब द्या

अमली पदार्थांच्या अतिसेवनाने 2022 मध्ये देशात किती माणसे दगावली? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो, 681. त्याच वर्षी अमेरिकेत हा आकडा एक लाखाच्या वर गेला होता. तिथे फेंटानिलने घातलेला धुमाकूळ आपल्याकडे नाही, हे मान्य. पण ‘एम्स’ने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अफूजन्य पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या आणि मदतीची गरज असलेल्या लोकांची संख्या 77 लाखांच्या घरात होती. एवढ्या लोकांमागे वर्षाला इतकेच मृत्यू, हे गणित जुळत नाही. असे मृत्यू होतात, पण त्या नावाने नोंदले जात नाहीत, हीच शक्यता अधिक. म्हणून संख्याशास्त्राची मॉडेल वापरून उद्याच्या मृत्यूंचा अंदाज बांधायचा असेल, तर पहिले मॉडेल कालच्या मृत्यूंसाठी हवे.

भिवंडीपुरते पाहू. यंत्रमाग, गोदामे आणि परप्रांतांतून आलेल्या कामगारांचे हे शहर मुंबई-नाशिक महामार्गावर आहे, त्यामुळे कापडाबरोबर नशेचा मालही इथून फिरतो. 2022 मध्ये केंद्रीय पथकाने याच परिसरात कोडीनयुक्त कफ सिरपच्या हजारो बाटल्या पकडल्या. ऑगस्ट 2024 मध्ये गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने इथल्या एका फ्लॅटमधून सुमारे 800 कोटी रुपयांचे द्रवरूप एमडी (मेफेड्रोन) जप्त केले. पकडलेला माल किलोत मोजलेला असतो. तो पोटात गेल्यावर काय झाले, याचा हिशेब कुठेच लागत नाही. पुलाखाली किंवा लूमच्या गाळ्याबाहेर एखादा तरुण मृत सापडला, की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. डॉक्टर मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवतात आणि व्हिसेरा, म्हणजे अवयवांचे नमुने, बरण्यांत सीलबंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवतात. अहवालाला महिने लागतात. तोवर मृत्यूची नोंद होऊन दाखलाही निघालेला असतो. अहवालात कोडीन किंवा अल्प्राझोलम निघाले, तरी तो पोलीस ठाण्याच्या फाइलला लागतो. आरोग्य खात्याच्या तक्त्यात त्याची भर पडेलच असे नाही.

अमेरिकेतही विषचाचणीचे अहवाल उशिराच येतात. तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, ‘सीडीसी’ने, त्यावर शोधलेला तोडगा आपल्याला घेण्याजोगा आहे. ती संस्था दर महिन्याला मागच्या बारा महिन्यांच्या मृत्यूंची हाती आलेली संख्या देते आणि शेजारी दुरुस्त केलेला दुसरा आकडाही देते. मृत्यूचे कारण निश्चित व्हायचे असलेल्या प्रकरणांपैकी किती मृत्यू पुढे अतिसेवनाचे ठरतात, याचे जुने प्रमाण ठाऊक असल्याने ती दुरुस्ती करता येते. समजा, भिवंडीत मागच्या काही वर्षांत मत राखून ठेवलेल्या दर 100 प्रकरणांपैकी 12 अतिसेवनाची निघाली. मग आज 50 प्रकरणे प्रलंबित असतील, तर त्यांत सहाच्या आसपास मृत्यू दडलेले आहेत, एवढे आजच सांगता येईल. यासाठी महासंगणक लागत नाही. पोलीस, रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्या तीन नोंदवह्या एकमेकींशी जुळवाव्या लागतात.

यावर पहिला आक्षेप असा, की एका शहराचे आकडे इतके लहान असतात, की त्यांतून काहीच निष्पन्न होणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. वर्षाला सरासरी 4 मृत्यू असतील, तर परिस्थिती तसूभरही न बदलता एखाद्या वर्षी 1 आणि दुसऱ्या वर्षी 8 दिसू शकतात; आठाला साथ म्हणणे आणि एकाला यश म्हणणे, दोन्ही चूक. म्हणूनच ठाणे, कल्याण, उल्हासनगर यांच्यासह जिल्ह्याची आकडेवारी एकत्र धरावी आणि अंदाज एका आकड्यात न देता ‘इतके ते इतके’ असा द्यावा. दुसरी सूचना हमखास येते: मृत्यू कमी आहेत, तर जप्तीचे आकडे वापरा. त्यात मोठा धोका आहे. जप्ती पोलिसांची धावपळ मोजते, लोकांचे सेवन नव्हे. ज्या मोहल्ल्यात छापे जास्त, तिथे मॉडेल धोका जास्त दाखवणार. मग तिथेच पुन्हा छापे पडणार आणि मॉडेल बरोबर होते असे वाटणार. त्यापेक्षा 108 रुग्णवाहिकेचे कॉल आणि इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात बेशुद्धावस्थेत आलेल्यांच्या नोंदी अधिक विश्वासाच्या. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अशी माहिती पोलिसी पाळतीसाठी वापरली गेली, तर मित्र बेशुद्ध पडल्यावर कोणी 108 ला फोनच करणार नाही. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचे कलम 64अ उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देते. तोच हेतू इथेही पाळावा: नोंदी नावाविना, प्रभागाच्या पातळीवर आणि आरोग्य विभागाच्या ताब्यात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर उपाय पदार्थानुसार बदलतो म्हणून. गर्द किंवा कोडीनने श्वास मंदावला असेल, तर नॅलोक्सोनचे इंजेक्शन जीव वाचवू शकते. एमडीवर ते निरुपयोगी आहे. रुग्णवाहिकेत कोणते औषध ठेवायचे, कोणत्या प्रभागात समुपदेशन केंद्र उघडायचे, हे ठरवणारी माहिती व्हिसेरा अहवालांत आधीच आहे. ठाणे जिल्हा प्रशासनाने आणि भिवंडी महापालिकेने मागच्या पाच वर्षांचे असे अहवाल एकत्र करून, नावे वगळून, जाहीर करावेत. त्याआधी महागडे भाकीत-यंत्र विकत घेणे म्हणजे जनतेच्या पैशाचा अपव्यय ठरेल.