चलन-संकेत

परकीय चलनांच्या व्यवहारांत प्रत्येक चलन निःसंदिग्धपणे ओळखता यावे, म्हणून ठरविलेली प्रमाणित अक्षरचिन्हे. ‘रुपया’ हे नाव भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका इ. देशांत, तर ‘डॉलर’ हे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इ. देशांत रूढ असल्याने केवळ नावावर विसंबून सौदा करणे धोक्याचे ठरते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७८ मध्ये यासाठी ४२१७ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार संकेत तीन रोमन अक्षरांचा असून सामान्यतः पहिली दोन अक्षरे देशाची व तिसरे चलनाच्या नावाचे असते. उदा., ‘आयएनआर’ म्हणजे भारतीय रुपया. त्याचा अंकात्मक संकेत ३५६ होय. तुर्कस्तानने २००५ मध्ये १० लाख जुन्या लिरांचा एक नवा लिरा केला, तेव्हा ‘टीआरएल’ऐवजी ‘टीआरवाय’ हा संकेत योजण्यात आला. त्यामुळे जुन्या व नव्या रकमा वेगळ्या ओळखणे शक्य झाले.