आधी पाळणा, मग पोट

लग्न ठरलेली जालन्याची एखादी मुलगी छत्रपती संभाजीनगरला जाऊन लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं शोषून, पोटावरची चरबी काढून घेऊ शकते. पण लग्नाआधी काढावी की मुलं झाल्यावर? याचं उत्तर मेदपेशींच्या अजब स्वभावात आहे.

मोठ्या माणसाच्या अंगात या पेशींची संख्या जवळजवळ ठरलेली असते. आपण जाड झालो की त्या फुगतात, बारीक झालो की आक्रसतात. मग जन्मभर त्याच पेशी राहतात का? स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेनं हे शोधलं कशावरून, तर अणुबॉम्बवरून! १९५५ ते १९६३ दरम्यानच्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. तो जगभरच्या पिकांत उतरला, जालन्याच्या ज्वारीतही, आणि भाकरीवाटे माणसाच्या डीएनएत जाऊन बसला. डीएनएतलं त्याचं प्रमाण त्या त्या वर्षीच्या हवेशी ताडून पेशी कधी जन्मली ते कळू लागलं. २००८ साली निष्कर्ष आला: दरवर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात आणि जवळपास तेवढ्याच नव्या तयार होतात. हा हिशेब ठेवतं कोण?

मेदपेशी म्हणजे चरबीची कणगी. डाएटनं कणगी रिकामी होते. लायपोसक्शन कणगीच उचलून नेतं. मग नवं धान्य जातं कुठे? कोलोराडो विद्यापीठाचा २०११चा अभ्यास बघा. लायपोसक्शन केलेल्या बायकांची एकूण चरबी वर्षभरात पूर्ववत झाली. ती परतली मात्र मांड्यांवर नाही, पोटावर!

आता यात दिवस जाणं मिळवा. खाणंपिणं नीट असेल तर गरोदरपणात शरीर तीनेक किलो चरबी मुद्दाम साठवतं, बरीचशी मांड्या-कंबरेवर. पुढे अंगावरच्या दुधासाठी तीच तरतूद. चरबी साठवण्यात पोटातलं बाळही काही कमी नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. हाडं-मांस बेताचंच, पण कातडीखालची चरबी पुण्याकडच्या बाळांनी बऱ्यापैकी राखलेली!

गर्भ वाढताना पोटाची कातडी ताणते, मधले स्नायू बाजूला सरकतात. लायपोसक्शन यातलं काहीच दुरुस्त करत नाही. टमी टक या पोट घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेत शिवून आवळलेले स्नायूही पुढच्या खेपेला पुन्हा सैल होऊ शकतात. लायपोसक्शनमध्ये गर्भाशयाला हात लागत नाही, त्यामुळे ते आधीच केलं असेल तर बाळाची काळजी नको. वाया जाऊ शकतो तो पैसा. म्हणूनच सर्जन सहसा सांगतात: पाळणा थांबवा, अंगावर पाजणं सुटून काही महिने जाऊ द्या, वजन स्थिरावलं की मग या.