मेंदूतल्या जोडण्या उजेडात आल्या त्या अशा

घरी उर्दू, शाळेत मराठी, वर इंग्रजी. एवढं पोराच्या डोक्यात मावेल का? पालकसभेत हा सवाल दरवर्षी येतो. मेंदू म्हणजे डबा, भरला की जागा संपली, असं आपण धरून चालतो. खरं तर सगळा खेळ जोडण्यांचा आहे. एका चेतापेशीचा निरोप दुसरीला जिथे मिळतो, त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. बालपणी हे सिनॅप्स गरजेपेक्षा जास्त बनतात. वापरातले पक्के होतात, बाकीचे पुष्कळसे छाटले जातात. त्यामुळे लहान मूल दोन-तीन भाषा सहज उचलतं, यात नवल नाही.

पूर्वी मृत मेंदूचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. बंद पडलेलं घड्याळ बघण्यासारखंच ते. जिवंत पेशी बघायची वाट जेलीफिशमुळे सापडली. तिच्यातल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक मार्टिन चाल्फी यांनी एका कृमीच्या चेतापेशींत घातलं आणि १९९४ मध्ये त्या पेशी जिवंतपणी चमकताना दाखवल्या. या प्रथिनाला २००८ चं नोबेल मिळालं. २००२ मध्ये तर जिवंत उंदराच्या मेंदूतली तीच ती जोडणी पुन्हा पुन्हा पाहता आली.

हाच कृमी, सी. एलिगन्स, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. संध्या कौशिका वापरतात. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, चेतापेशी फक्त ३०२, आणि अंग काचेसारखं पारदर्शक! सिनॅप्सला लागणारा माल पेशीच्या मुख्य भागात तयार होतो, तिथून लांब तंतूतून हमालासारखी प्रथिनं तो वाहून नेतात. चमकणारा माल कुठे पळतो, कुठे अडकतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. गर्भात मेंदू कसा घडतो, यावर त्याच संस्थेत डॉ. शुभा टोळे यांचं काम आहे.

आता पालकांच्या कामाची गोष्ट. ह्यूबेल आणि वीझेल (नोबेल १९८१) यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला. नंतर उघडला तर डोळा चांगला, पण मेंदू त्याचं ऐकेना. म्हणून बाळाची बाहुली पांढरी दिसली, तर "मोठं झाल्यावर बघू" म्हणू नका. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, आणि उशिरा ऑपरेशन झालं तर नजर पूर्ण येत नाही. बहिरेपणाचंही तसंच: आवाज कानी पडला नाही तर बोलणं मागे पडतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तपासणी मोफत असते. तारीख अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा; बाहुली पांढरी असेल तर मात्र पथकाची वाट न पाहता थेट सिव्हिलला न्या.